चार्जिंगच्या फळ्यावरचं पितळी कुलूप

मी आमच्या सोसायटीच्या चार्जिंग समितीची प्रमुख कशी झाले, हे मला कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. मी वॉफल आणायला गेले होते.

एरवी मी कुठल्याही समितीत न सापडणारी बाई. नॉर्वेतल्या द्रामेनच्या या तीन मजली, बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत तेवीस वर्षं राहून मी सार्वजनिक काम म्हणून एकदाच, वसंतातल्या साफसफाईच्या दिवशी, पाचोळ्याच्या पिशव्या मोजल्या होत्या. त्याही चुकल्या. तेव्हापासून मला कुणी काही सांगत नसे आणि मीही कुणाला काही सांगत नसे, आणि आमच्याकडे यालाच चांगला शेजार म्हणतात.

पण नोव्हेंबरात आम्ही विजेवरची गाडी घेतली. आम्ही म्हणजे मी. नवऱ्याचा, ओद्वारचा, जीव जुन्या डिझेलच्या गाडीत होता. ती एकोणीस वर्षांची होती आणि सुरू होताना खाटकाच्या दुकानातल्यासारखे आवाज काढायची. ओद्वार म्हणायचा, "बोलते ती माझ्याशी." मी म्हटलं, मग मरताना काय म्हणतेय तेही ऐक. ती विकली आणि नवी पांढरी, गप्प, फ्रीजसारखी गाडी दारात आली.

ती बघायला सगळ्यात आधी आजी आली. आजी म्हणजे ओद्वारची आई, बोर्गहिल्ड, वय त्र्याऐंशी, तळमजल्यावर तीन नंबरात एकटी राहते. आमची सुन्निवा जन्मली तेव्हापासून, म्हणजे तेरा वर्षं, घरात सगळेच तिला आजी म्हणतात, मीही. आजीनं गाडीभोवती एक फेरी मारली. काठीनं चाकाला टोचून बघितलं.

"इंजिन कुठंय?"

"नसतं गं यात. खाली बॅटरी असते."

"म्हणजे पुढच्या झाकणाखाली काय आहे?"

"पिशव्या ठेवायला जागा."

आजीनं यावर काही मत दिलं नाही. मत न देण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. मग म्हणाली, "ईस्टरला डोंगरावर कशी जाणार?"

"हिच्यातूनच."

"वाटेत न थांबता?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. डोंगरातलं आमचं लाकडी घर इथून दोनशे दहा किलोमीटरवर आहे, आणि गाडीच्या पत्रकात चारशेचा आकडा होता. तो आकडा कुठल्या ऋतूत आणि कुठल्या सपाट देशात मोजला, हे पत्रकात नव्हतं. मी छातीठोक म्हणाले, "न थांबता. गुरुवारी एक वाजता तू तुझ्या खुर्चीत असशील, हातात कॉफी."

"बरं," आजी म्हणाली, "एकदा बसून बघते. वाटेत बर्फात उभी राहिले, तर पुढल्या वर्षापासून मी ईस्टरला इथेच. या वयात डोंगर फोटोतही छान दिसतो."

ती हे चेष्टेत म्हणाली नव्हती. आजी चेष्टेत म्हणते तेव्हा डावी भुवई वर जाते. ती जागच्या जागी होती.

ते घर सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं. त्याची किल्ली आजीच्या पर्समध्ये असते. दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी ती कुलूप उघडते, आधी एकटी आत जाते आणि घराला सांगते, "आलो रे." मग आम्ही सामान आत न्यायचं. आजीशिवाय ते घर म्हणजे नुसतं लाकूड, तेही ओलं. आणि आता ते सगळं माझ्या एका छातीठोक वाक्यावर उभं होतं.

आता प्रश्न उरला गाडी चार्ज कुठे करायची. मी सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंकडे, वेन्केकडे, अर्ज दिला की माझ्या पार्किंगच्या जागेवर, म्हणजे चौदा नंबरला, चार्जर बसवून मिळावा. वेन्के माझ्याच वयाची, पण अध्यक्ष झाल्यापासून उभी राहून बोलते. ती म्हणाली, "गुनवोर, एकीला दिला की सगळ्यांना द्यावा लागेल."

"बाकी कुणी मागितलाय का?"

"तू मागितलास म्हटल्यावर मागतील."

अर्ज कार्यकारिणीकडे गेला. कार्यकारिणीनं तो आगीच्या नियमांसाठी पाठवला. तिकडून तो वीजतज्ज्ञाकडे गेला. तज्ज्ञ आला, तळघरातल्या मुख्य फ्यूजपुढे बराच वेळ उभा राहिला आणि आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलावं तसं बोलला, की इमारत जुनी आहे, जपून घ्यावं.

तोपर्यंत काय करायचं? तर आमच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपाशी एक खांब आहे, त्यावर सॉकेट. थंडीत पेट्रोलच्या गाड्यांचं इंजिन गरम ठेवायला ते पूर्वी बसवले. त्याला अंडी उकडताना लावतात तसली गोल घड्याळाची चावी आहे. पिळली की दोन तास वीज येते, मग टिक् करून बंद. दोन तासांत माझी गाडी आठ किलोमीटर पुढे जाण्याइतकी भरायची. म्हणून मी ऑफिसातून आल्यावर चार वाजता चावी पिळायची, सहाला पिळायची, आठला पिळायची. पाहुणे आले तरी उठून जायची. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. जानेवारीत उणे सतरा असताना घरातल्या सपाता आणि वर कोट, अशा वेषात मी बर्फातून खांबाकडे जाताना इमारतीतले पडदे एकेक बोट हलायचे. बोलायचं मात्र कुणी नाही.

मग जिन्यात चिठ्ठी लागली.

आमच्याकडे शेजाऱ्याशी भांडायचं तर तोंडानं भांडत नाहीत, जिन्यातल्या फलकावर चिठ्ठी लावतात. नाव घालत नाहीत, मोठ्या छापील अक्षरात लिहितात, आणि शेवटी एक हसरा चेहरा काढतात. चेहरा जितका हसरा, तितका राग जास्त. या चिठ्ठीत लिहिलं होतं: "प्रिय शेजारी, जी व्यक्ती दर दोन तासांनी सपाता फरफटत पार्किंगमध्ये जाते, तिनं निदान टोपी घालावी." खाली चेहरा, कानापासून कानापर्यंत हसणारा.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती व्यक्ती कोण हे बाराही घरांना ठाऊक होतं. वीज वापरते याबद्दल बोला, आवाजाबद्दल बोला. पण टोपी? म्हणजे माझे केस. मी ठरवलं, अख्खा हिवाळा डोक्याला काहीही घालणार नाही. नाही घातलं. तीन वेळा सर्दी झाली, पण अभिमान शाबूत राहिला.

सल्ले मात्र तोंडी मिळत होते, कारण सल्ला म्हणजे भांडण नव्हे. वरच्या मजल्यावरचा तोरलाइफ जन्मभर वीज कंपनीत नोकरी करून निवृत्त झालाय. तो जिन्यात माझी वाट अडवून म्हणाला, "तुझी बॅटरी थंडीनं आखडते. हीटर लावू नकोस, तो सगळं खातो."

"मग गाडीत बसायचं कसं?"

"स्कीच्या कपड्यांत."

त्यामुळे सुन्निवाला हँडबॉलच्या सरावाला नेताना आम्ही दोघी स्कीचे जाड कपडे घालून, मांडीवर मेंढीचं कातडं घेऊन, तोंडातून वाफा सोडत बसायचो. काच आतून गोठायची, ती सुन्निवा वाचनालयाच्या कार्डानं खरवडायची. एके दिवशी प्रशिक्षकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"आई," परत येताना सुन्निवा म्हणाली, "बसनं गेले तर बसमध्ये हीटर असतो."

"बसला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं," मी म्हणाले.

फेब्रुवारीत विशेष सभा बोलावली. तळघरातल्या खोलीत, खुर्च्या गोल मांडून. मुख्य फ्यूजला झेपेल असा एकच चार्जर, तोही पाहुण्यांच्या जागेवर, सगळ्यांना मिळून, असा ठराव आला. कारण वेन्के म्हणाली होती तेच झालं होतं: माझा अर्ज बघून आणखी पाच घरांनी विजेच्या गाड्या घेतल्या होत्या. अडीच तास चर्चा झाली. चार्जरला छप्पर असावं का यावर पाऊण तास गेला, आणि नसावं असं ठरवून लोक थकले. तेवढ्यात वेन्के म्हणाली, वॉफल गार होतायत, कुणी आणेल का? मी दाराजवळ होते. मी गेले. तपकिरी चीज कापायला सुरी सापडेना, त्यात चार मिनिटं गेली. ताट घेऊन परत आले तर सगळे टाळ्या वाजवत होते.

"कशासाठी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी," तोरलाइफ म्हणाला. "समितीप्रमुख. एकमतानं."

"आणि समितीत बाकी कोण?"

सगळ्यांनी वॉफल घेतले.

आता एक चार्जर आणि सहा गाड्या म्हटल्यावर मारामारी होणार. होणार म्हणजे चिठ्ठ्या लागणार. एका आठवड्यात फलकावर अकरा हसरे चेहरे जमले, जत्रेतल्यासारखे. तेव्हा मला आयुष्यातली एकमेव प्रशासकीय कल्पना सुचली. आमच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली आहे. तिथे भिंतीवर लाकडी फळा: आडवे वार, उभ्या वेळा, प्रत्येक चौकटीला एक कडी. ज्याला जी वेळ हवी, त्यानं आपलं छोटं कुलूप त्या कडीला लावायचं. साठ वर्षं हा कारभार एका शब्दाच्या भांडणाविना चाललाय. मी म्हटलं, चार्जरलाही तसाच फळा करू. ओद्वारनं लाकूड कापलं, मी कड्या ठोकल्या आणि नियम लिहिले. नियम तीन: खांबाच्या जुन्या सॉकेटवर गाडी चार्ज करायची नाही. नियम चार: पुढच्या आठवड्याच्या कड्या रविवारी दुपारी बारा वाजता खुल्या होतील. नियम पाच: दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, समिती सोडून.

"समिती सोडून" हे दोन शब्द लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे मी कबूल करते.

फळा उत्तम चालला. लोक जिन्यात मला मान हलवून नमस्कार करू लागले, तोरलाइफनं तर एकदा दार धरून ठेवलं. माझ्या गाडीला आठवड्यातून दोन वेळा मिळायच्या, त्यात रोजचं ऑफिस, सुन्निवा, दुकान, सगळं भागायचं, हीटर अर्धा लावूनसुद्धा. सगळी घडी बसली होती, आणि मग ईस्टर आला.

ईस्टरला अख्खा देश एकाच दिवशी डोंगरावर निघतो. कुणालाही उद्या जा म्हणून सांगता येत नाही. म्हणजे बुधवार दुपार ते रात्र, ही वेळ ज्याच्या हातात, त्याची गाडी गुरुवारी भरलेली. मला तीच हवी होती. पूर्ण भरली तर दोनशे दहा किलोमीटर जेमतेम, पण न थांबता. पण समितीप्रमुखानं बारा वाजून एक मिनिटानं सगळ्यात आधी आपलंच पान वाढून घ्यावं, हे मला बरं दिसेना. मी ठरवलं, संध्याकाळपर्यंत थांबायचं. सहा वाजता खाली गेले. सोमवार सकाळचे सहा ते आठ सोडून फळा भरला होता. आणि बुधवार, चार ते दहाच्या कडीला एक कुलूप होतं, जुनं, पितळी, सफरचंदाएवढं. त्यावर घराचा नंबर नव्हता.

बाकी सगळ्यांच्या कुलपांवर नंबर कोरलेला असतो. हे कुणाचं?

मी वरपासून खालपर्यंत दारं वाजवली. गाडीवाल्या पाचही घरांनी आपलं नव्हे म्हणून सांगितलं. बिनगाडीच्या घरांना विचारायचं कारण नव्हतं. आजीचं दार तर बंदच होतं, ती रविवारी चर्चमधून आली तशी दुपारच्या गाडीनं बहिणीकडे तन्सबर्गला गेली होती, बुधवारी यायची होती. मी फलकावर चिठ्ठी लावली: "प्रिय शेजारी, पितळी कुलपाच्या मालकानं मंगळवार संध्याकाळपर्यंत समितीला भेटावं." हसरा चेहरा काढला. काढताना पेन्सिल मोडली.

मंगळवारी सहा वाजता फळ्यापुढे गर्दी. कुणी आलं नव्हतं. वेन्के उभी होतीच, ती आणखी उभी राहिली. "गुनवोर, हे असं चाललं तर उद्या रस्त्यावरचा माणूस येऊन कुलूप लावेल."

"नियम पाच आहे," मी म्हणाले.

तोरलाइफनं घरातून सळया कापायची मोठी कात्री आणली. मी आधी चार शब्द बोलले. म्हणाले की नियम म्हणजे एकमेकांवरचा विश्वास, आणि नाव न सांगता कुलूप लावणं म्हणजे त्या विश्वासाला टांग मारणं. म्हणाले की समिती कुणाचं तोंड बघून निर्णय घेत नाही. मग कात्री दाबली. दुसऱ्यांदा दाबली. कुलूप दोन तुकडे होऊन पडलं. मागं कुणीतरी पसंतीचं खोकलं. मी तुकडे पुरावा म्हणून कोटाच्या खिशात टाकले.

आता ती वेळ मी घेतली असती, तर माझ्या भाषणाची माती झाली असती. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तोरलाइफची निघाली.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"कुठेच नाही. पण मिळालेली पाळी सोडू नये."

बुधवारी ऑफिसातून आले तेव्हा गाडीत एकसष्ट टक्के होते. खांबाचं सॉकेट होतं, पण नियम तीन मीच लिहिला होता, आणि पडदे होतेच. ओद्वारला गावातल्या सार्वजनिक चार्जरकडे पाठवलं. तिथली रांग चौकाला वळसा घालून पुलापर्यंत आली होती. तो दोन तास रांगेत पाय गरम ठेवत बसला, मग भूक लागली म्हणून घरी आला. एकसष्ट टक्के घेऊन गेलेला माणूस अठ्ठावन्न घेऊन परतला.

"काहीतरी आणलंस का?" मी विचारलं.

"सॉसेज खाल्लं," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी दहाला निघालो. हीटर बंद. आजी मागे सुन्निवाशेजारी, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली, मांडीवर पर्स, पायाशी संत्र्यांची पेटी, कारण संत्र्यांशिवाय ईस्टर नाही. तिनं कालपासून गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. मला वाटत होतं, उतार लागेल, वारा मागून येईल, काहीतरी होईल.

चढ लागला. सुन्निवा मागून आकडे वाचत होती. "एकतीस. तीस. आई, अठ्ठावीस."

"एकोणतीस कुठे गेले?" ओद्वारनं विचारलं.

"वळणावर."

ओद्वारनं रेडिओ बंद केला. मग काच पुसायचं बंद केलं. मग मला म्हणाला, "तू जरा कमी बोल," जशी काही मीही बॅटरीवर चालते. दरीतल्या शेवटच्या गावापाशी आठ टक्के उरले, पुढे सत्तर किलोमीटरचा घाट. मी मान मागे न वळवता म्हणाले, "आजी, थांबावं लागेल."

"दिसतंय," आजी म्हणाली.

तिची भुवई बघायची माझी हिंमत झाली नाही.

चार चार्जर, त्यातल्या एकावर पिशवी बांधलेली, आणि पुढे सतरा गाड्या. रांग म्हणायला रांग, पण कोण कुणाच्या मागे हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, आणि विचारायला खाली उतरायचं तर अनोळखी माणसाशी बोलावं लागलं असतं. म्हणून सगळे आपापल्या गाडीत गोठत समोर बघत होते. एक लाल गाडी हळूच बाजूनं पुढे सरकली. सतरा गाड्यांमधल्या लोकांनी ते बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. एवढाच निषेध.

मागचं दार उघडलं. आजी काठी टेकत उतरली.

"ओद्वार, माझी घडीची खुर्ची काढ. गुनवोर, पेटीचं झाकण दे. सुन्निवा, पेन्सिल."

तिनं खुर्ची चार्जरच्या अगदी तोंडाशी मांडली आणि झाकणावर रेघा मारून चौकटी केल्या. आमच्या फळ्यासारख्याच. मग सुन्निवाला एकेका काचेवर टकटक करायला पाठवलं: आजी विचारतेय, तुम्ही किती वाजता आलात, किती टक्के उरलेत, आणि संत्रं हवं का. लोक उतरले. लाल गाडीवाला सगळ्यात शेवटी उतरला.

"तू कितीला आलास?" आजीनं त्याला विचारलं.

"साधारण... मघाशी."

"'मघाशी'वाली चौकट खाली, तळाशी आहे. संत्रं घे."

त्यानं संत्रं घेतलं आणि गाडी मागे नेली. अर्ध्या तासात सतरा गाड्यांचे लोक उन्हात बर्फावर उभे राहून एकमेकांना बॅटऱ्यांची दुखणी सांगत होते. द्रामेनच्या चार्जिंग समितीची प्रमुख झाकण धरून आजीशेजारी उभी होती. मध्येच शिंकली.

"डोक्याला काही घातलं नाहीस?" आजी म्हणाली. पर्समधून एक लाल लोकरीची टोपी काढून तिनं माझ्या हातात दिली. "घाल. जानेवारीपासून सांगतेय."

"मला कधी सांगितलंस?"

"चिठ्ठी लावली होती की."

मी झाकण खाली ठेवलं. "ती तू लावलीस?"

"मग कोण? वेन्के कुणाच्या डोक्याची काळजी करते?"

"वर येऊन सांगायचंस ना, आजी."

"सांगितलं असतं तर सासू बोलली असं झालं असतं. चिठ्ठी लावली की शेजारीण."

"आणि तो एवढा हसरा चेहरा कशाला काढलास?"

"मी हसत होते," आजी म्हणाली. "तू सपातांत घसरत होतीस."

मी टोपी घातली. कानांवरून खाली ओढली, कारण कान तापले होते. आजीनं पर्समध्ये पुन्हा हात घातला आणि एक बारीक पितळी किल्ली माझ्यापुढे धरली.

"ही पण तुलाच द्यायची होती. काल चारला वेलचीचे बन आणि किल्ली घेऊन चार्जरपाशी आले, तर तोरलाइफची गाडी लागलेली. म्हटलं, दिली असेल त्याला पाळी, मनाची मोठी आहे. रविवारी बारा वाजता मी सगळ्यात आधी लावलं होतं तुझ्यासाठी. तू स्वतःसाठी आधी लावणार नाहीस, हे मला ठाऊक. माझं नंबराचं कुलूप तीस वर्षांपूर्वीच हरवलंय, म्हणून तुझ्या सासऱ्यांचं लावलं, होडीच्या शेडचं. ते तेवढं परत दे हं."

माझा हात कोटाच्या खिशात होता. दोन तुकडे एकमेकांवर वाजले. मला वाटलं तो आवाज दरीत घुमला असावा. मी ते काढून तिच्या मांडीवर, कातड्यावर ठेवले.

आजीनं दोन्ही तुकडे उचलून जुळवून बघितले.

"कशानं कापलंस?"

"तोरलाइफच्या कात्रीनं."

"सगळ्यांसमोर?"

"भाषण करून."

आजीनं एक फोड तोंडात टाकली. संत्र्याची फोड इतका वेळ चघळता येते, हे मला माहीत नव्हतं.

"चाळीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात टिकलं," शेवटी ती म्हणाली, "समितीपुढे दोन मिनिटं टिकलं नाही." आणि सुन्निवाला म्हणाली, "पुढची चौकट कुणाची आहे बघ गं."

आम्ही तिथे तीन तास होतो. डोंगरातल्या घरी पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. आजीनं किल्ली काढली, आत गेली, आणि आतून "आलो रे" ऐकू आलं. मी ते सामान हातात धरून उंबऱ्यापाशी ऐकलं. दर वर्षी ऐकते, पण या वेळी जरा जास्त वेळ उभी राहिले.

थांबण्याबद्दल ती बोलली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, रविवारी कोकराच्या मांसावर मीठ टाकतानाही नाही. मी दोनदा विषय काढायला तोंड उघडलं आणि ओद्वारनं टेबलाखालून पाय दिला. कुलपाचे तुकडे तिनं खिडकीत ठेवले होते, सासऱ्यांच्या फोटोशेजारी. कॉफी पिताना माझं लक्ष बरोबर तिथे जायचं. सोमवारी परत निघताना तिनं दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि घराकडे वळून बघितलं. एरवी बघत नाही. परतीचा सगळा रस्ता उताराचा, गाडी आपोआप भरत होती, एकदाही थांबावं लागलं नाही, आणि ते बघायला आजी जागी नव्हती.

मंगळवारी सकाळी ऑफिसला जाताना जिन्यातल्या फलकावर चिठ्ठी दिसली. मोठी छापील अक्षरं. पण या चिठ्ठीखाली नाव होतं. आमच्या इमारतीत साठ वर्षांत असं झालेलं नाही. तोरलाइफ आणि वेन्के दोघं चष्मे लावून वाचत होते, मी आले तसे बाजूला झाले.

"प्रिय समिती, तीन नंबरचं पितळी कुलूप समितीनं कापलं आहे. भरपाई म्हणून ईस्टरच्या आधीच्या बुधवारी चार ते दहा ही वेळ तीन नंबरला कायमची देण्यात यावी, आणि ती वेळ पार्किंगमधल्या चौदा नंबरच्या गाडीनं वापरावी. पुढल्या वर्षी वाटेत थांबायला मला वेळ नाही. संत्री मात्र जास्त घ्यावीत, ओळखीची माणसं भेटतात. बोर्गहिल्ड." खाली चेहरा. हसरा, डावी भुवई वर.

"हे नियमात बसतं का?" वेन्केनं विचारलं.

मी समितीची बैठक तिथल्या तिथे, जिन्यात घेतली. समिती पूर्ण संख्येनं हजर होती, डोक्यावर लाल टोपी होती, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.